देवघरातली सहावी सुपारी

१

देव्हाऱ्यात देव नव्हते.

यशोदा पहाटे समईत तेल घालायला देवघरात गेली आणि हातातली बुधली तशीच धरून उभी राहिली. खंडोबा, भवानी, जोगेश्वरी, भैरवनाथ आणि घराण्याचा वीर असे चांदीचे पाच टाक त्या घरात पिढ्यानपिढ्या पूजले जात होते. रोजच्या पुसण्याने देवांचे नाकडोळे झिजले, पण पूजेचा नेम कधी चुकला नव्हता. आज पाटावर टाक नव्हते. त्यांच्या जागी तांदळाच्या चिमटीवर सुपाऱ्या मांडलेल्या होत्या.

तिची किंकाळी ऐकून सासू गोठ्यातून धावत आली. रुक्मिणीबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिले, एकदा सुनेकडे पाहिले, आणि देवघराला बाहेरून कडी घातली.

"आत कुणी पाऊल टाकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण कडी त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

सन सत्तावन्नचा माघ महिना. चिंचवडच्या वेशीबाहेरचा यशवंतरावांचा मळा नव्या कारखान्यासाठी गेला होता आणि मळ्याबरोबर राहते घरही. हमरस्त्याच्या पलीकडे नवे घर बांधून तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त होता. आधी देव जायचे, मागून माणसे. देवच नाहीत म्हटल्यावर नव्या घराचा उंबरा ओलांडायचा तरी कुणाच्या नावाने?

नऊच्या सुमारास कौशल्याबाई आल्या. लोकल बोर्डाच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. पन्नाशीच्या, विधवा, पांढरे पातळ, हातात चामड्याची पिशवी. त्या दिवशी संकष्टी होती, पोटात फक्त चहा होता. यशोदेला सातवा महिना लागलेला, तिचे पाय बघायला म्हणून त्या आल्या, तर ती ओट्याच्या कोपऱ्यात गाठोडे घेऊन बसलेली. तिचा नवरा चिमाजी कंपनीच्या कामाने मुंबईला गेलेला, रात्री परतणार होता.

"कुठं निघालीस गं?"

"चारच्या तळेगाव एष्टीनं माहेरी धाडत्यात. कायमची."

"कायमचीच!" रुक्मिणीबाई दारातून कडाडल्या. "पयल्यांदा देवघरात ही गेली. आणि हिचा बाप येरवड्यात दीड वरीस बसून आलेला. चोराच्या लेकीच्या हाती देव दिले, आमचीच अक्कल!"

कौशल्याबाईंनी यशोदेच्या घोट्यावर बोट दाबले. खळगा पडला तो भरून येईना.

"अंगावर सूज आहे. तळेगावपर्यंत खडी, पुढं तिच्या माहेरी चाकणपर्यंत चाकोरीचा रस्ता. ही गाडीत बसली तर पोटातल्या जिवाची हमी मी देणार नाही, रुक्मिणीबाई."

"देव द्यावंत आणि ऱ्हावं खुशाल."

"मी शोधून दिले तर?"

"तुमी? तुमी सुया टोचणाऱ्या."

"सुई टोचायच्या आधी दुखणं कुठलं ते शोधावं लागतं. त्यासाठी माणसाला मागचं विचारावं लागतं. कधी पडला होता, कधी ताप आला होता. आजचं दुखणं पुष्कळदा आजचं नसतं."

रुक्मिणीबाईंनी ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. यशवंतराव नुकतेच सायकलवरून आले होते. पहाटे चारला पुण्याच्या सर्व्हे हापिसात जातो म्हणून निघालेले, साहेब भेटला नाही म्हणून परतलेले. सुनेनेही एकदा त्यांच्याकडे पाहिले. ते तंबाखूच मळत राहिले.

"चारपतुर," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "फुडं एक पळ न्हाई."

२

हातपाय धुऊन कौशल्याबाई देवघरात गेल्या. रुक्मिणीबाई उंबऱ्यावरच थांबल्या, जणू आत साप होता.

देव्हाऱ्यात चांदीचे निरांजन जागच्या जागी होते. ताम्हन होते, चांदीची वाटी होती. चांदीच्या लोभाने आलेला चोर निरांजन कशाला ठेवील? आणि सुपाऱ्या! देव उजळायला सोनाराकडे दिले की पाट रिकामा ठेवू नये म्हणून घरोघर सुपारी मांडतात, तशा त्या मांडल्या होत्या. प्रत्येकीखाली अक्षता, प्रत्येकीवर गंध. घाईत का होईना, पण हात जोडून झालेली चोरी होती ही.

त्यांनी सुपाऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

वरच्या पायरीवर चार, चार देवांच्या. खालची पायरी पूर्वजांची. तिथे वीराची एक, आणि वीराच्या शेजारी आणखी एक. तिला गंध नव्हते. तिला हळदकुंकू वाहिलेले होते.

"टाक किती गेले म्हणालात?"

"पाच."

"मग ही सहावी सुपारी कुणाची?"

कौशल्याबाईंनी मान वळवली. रुक्मिणीबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि त्या सुपारीकडे बघतही नव्हत्या. बघायची गरजच नव्हती. ती त्यांना सकाळीच दिसली होती.

"मला काय ठावं," त्या पुटपुटल्या आणि पाठमोऱ्या झाल्या.

वयाने एवढी मोठी, तोंडाने एवढी खंबीर बाई. तिला एका सुपारीचे भय का वाटावे?

३

"तुमच्या देव्हाऱ्यात टाक किती?" कौशल्याबाईंनी यशोदेला विचारले.

"पाच की. तीन वरसं रोज पुसतीया."

"सहावा कधी होता, असं कुणी बोललं होतं?"

"न्हाई बा." तिचे डोळे भाबडेपणाने मोठे झाले. पण भाबडे डोळे कौशल्याबाईंनी खूप पाहिले होते. त्यांनी नाडी धरल्यासारखा तिचा हात धरला.

"तुझ्या वडलांनी काय चोरलं होतं?"

यशोदा दचकली. "तुमी पयल्याच इचारताय. समदे म्हनत्यात चोरी केली. काय चोरलं ते कुणी इचारत न्हाई." तिने डोळे पुसले. "लढाईच्या साली सरकारी धान्याच्या कोठारावर राखणीला हुता. गावात एक बाळंतीण उपाशी हुती, अंगावर दूध न्हाई. त्यानं एक पायली जवारी काढून दिली. सकाळी सायबाला आपणच जाऊन सांगितलं. साहेब म्हनला, गप बस. तर म्हनला, माप कमी भरंल, दुसऱ्यावर आळ येईल."

आपल्या चोरीचा आळ दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून तुरुंगात गेलेला माणूस! त्याच्या लेकीला त्याच तुरुंगावरून चोर ठरवले होते. मागचे नुसते ऐकून भागत नाही, शेवटपर्यंत ऐकावे लागते.

पडवीतला भाडेकरू दत्तोबा मात्र सरळ बोलेना. रत्नागिरीकडचा, कंपनीत फिटर. तिसरी शिफ्ट करून सकाळी सातला आलेला. त्याच्या पेटीला भले मोठे कुलूप होते आणि किल्ली द्यायला तो तयार नव्हता.

"पेटी उघडायची नाय म्हणजे नाय. पोलिसांक बोलवा खुशाल."

"टाक आहेत आत?"

"तुमच्या देवांची नावंसुद्धा मला ठाऊक नायत, बाय! माझो देव कोकणात."

"मग घाबरतोस कशाला?"

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मुंबयच्या गिरणीत संपात होतो. काढलो. हयसर नोकरी मिळवताना ता सांगूक नाय. पेटीत युनियनची कार्डं नि फोटो आसत. चिमाजीनं बघितलं नि कंपनीत बोलला, तर शिफ्ट सुटली म्हणून समजा."

तिथेच त्याने पेटी उघडून दाखवली. कार्डे होती, संपकऱ्यांच्या घोळक्याचा फोटो होता, आणि तळाशी आईचे पत्र. कौशल्याबाईंनी झाकण स्वतःच्या हाताने लावले.

"मी काही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांग. सकाळी येताना दारात कोण दिसलं?"

"कोण नाय. एकटो सयाजी. गोठ्याच्या दारात उभा, देवघराच्या खिडकीकडे बघीत. हाक मारली तर दचकला."

४

सयाजी त्या घरचा जुना गडी. पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा. मधल्या वेळात दवाखाना उरकून कौशल्याबाई परतल्या, तेव्हा तो गोठ्याबाहेर वेगळ्या ताटलीत भाकरी खात होता.

"घरात का नाही जेवत?"

"सुतक हाय. चुलता गेला वडगावला. आज सातवा दिस. ओट्याला बी पाय लावत न्हाई म्या."

"आणि खिडकीतून काय बघत होतास?"

"किंकाळी आली म्हनून बघितलं. मग पुन्यांदा बघितलं."

"काय दिसलं?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "सुपाऱ्या."

"किती?"

मग त्याने ताटली बाजूला सारली.

"सहा," तो म्हणाला. "सहावी माझी भन हाय."

कौशल्याबाई तिथेच गव्हाणीच्या कडेला टेकल्या.

"मालकांची पयली बायकू. सगुणा. मानमोडीच्या तापात गेली, एकोणीसशे अठरात. सवाष्ण गेली म्हनून तिचा टाक केला, वीराशेजारी बसवला. मग ह्या रुक्मिणीवैनी आल्या. त्यांची दोन पोरं पाळण्यातच गेली. देवऋषी म्हनला, सवत खाती. तवा तो टाक पवना नदीत सोडला. मग चिमाजी जगला." तो कडवट हसला. "म्हंजे भनच खात हुती, असं ठरलं."

"तुझी बहीण, आणि तू इथं गडी?"

"दहा वर्साचा हुतो, तिच्या पाठराखणीला आलो. आमच्या घरी त्याच तापानं कुणी उरलं न्हाई. चुलत्यानं ठिवून घेतलं न्हाई. जाणार कुठं?"

"उद्या घर सुटणार. बहिणीला इथं ठेवून देव जाणार. तुला राग नाही आला?"

"राग?" सयाजीने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिले. "बाई, ती मेली तवा घरात म्या एकटाच हुतो. पाणी पाजत. बाकी समदे कुठं हुते ते मालकांना इचारा. मी न्हाई बोलायचा. त्यांचं मीठ खाल्लंय."

कारखान्याकडून सकाळची शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकू आला. तीन वाजून गेले होते.

५

माजघरात रुक्मिणीबाई जात्याशी नुसत्याच बसल्या होत्या.

"सयाजीनं सांगितलं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"वाटलंच. त्यानंच सुनेच्या कानात भरलं. दोघांनी मिळून माझ्या उरावर बसवलीया तिला!" मग एकाएकी त्यांचा आवाज खाली आला. "अठरा वर्साची हुते मी, बाई. दोन पोरं माझ्या मांडीवर गेली. कुणी काय बी सांगितलं असतं तरी केलं असतं. सुनंला बी आता सातवा हाय. ती सवत पुन्यांदा आली, म्हंजे काय समजायचं म्या?"

तेव्हा कौशल्याबाईंना कळले. सासूला सून नकोशी नव्हती. सासू त्या सुपारीला भीत होती, आणि भ्यालेले माणूस समोर सापडेल त्याला ढकलते.

"यशवंतराव परमार्थी आहेत का हो? माळ वगैरे?"

"कसली माळ! खंडोबाचं घर हे. कपाळाला भंडारा, दुसरं काय न्हाई. बुक्क्याला हात बी लावत न्हाईत."

कौशल्याबाई उठल्या आणि ओट्यावर गेल्या. जाताना दार त्यांनी पुरते लावले नाही.

"यशवंतराव, हात बघू. या वयात पहाटेपासून सायकल मारलीत."

त्या नाडीला वाकल्या. सकाळपासून दोनदा जवळून जाताना एक वास आला होता, तो आता स्वच्छ आला. पुसलेल्या कपाळाच्या आठीत काळी रेघ राहून गेली होती.

"पुण्याच्या सर्व्हे हापिसात बुक्का लावतात का हो?"

त्यांचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"बुक्का पहाटेच लावायचा, तर आळंदीला. आणि आळंदीला सोनार पुष्कळ. चिंचवडच्या सोनाराकडं गेला असता तर तासाभरात घरी कळलं असतं." त्या हळू बोलत होत्या, दुखऱ्या जागी बोट ठेवावे तशा. "देव ज्यानं नेले त्याला पाट रिकामा ठेववला नाही. म्हणजे माणूस श्रद्धेचा. त्याच्या लेखी टाक सहा. यशोदेला पाच ठाऊक. दत्तोबाला एकही नाही. सहा ठाऊक असलेली माणसं तीनच. रुक्मिणीबाई तिची सुपारी मांडणार नाहीत. सयाजी सुतकात, ओट्याला पाय न लावणारा माणूस देवाला शिवेल कसा? राहिलात तुम्ही. पाच टाक नेलेत ते त्याच मापाचा सहावा घडवायला. खरं की नाही?"

तंबाखूची चिमूट खाली सांडली.

"सांजच्याला तयार हुईल म्हनला सोनार," यशवंतराव म्हणाले. "सुपाऱ्या पाचच मांडणार हुतो. हात थांबला न्हाई."

"तिला तापात टाकून कुठं गेला होतात?"

ते मळ्याकडे बघत बोलू लागले. "पलेगाच्या गाठी आल्या काय, ताप आला काय, आमच्याकडं घर सोडायची रीत. आबांनी, माझ्या बापानं, हुकूम केला, देव उचल, बैलं सोड, मळ्यातल्या खोपीत चल. देवांची परडी माझ्या डोक्यावर. ती आतल्या खोलीत फणफणत हुती. म्हनली, मला कवा न्याल? म्या म्हनलं, देव ठिवून येतो." त्यांनी सांडलेली तंबाखू पायाने सारली. "आबांनी माघारी फिरू दिलं न्हाई. आणि म्या बी हात सोडवून घेतला न्हाई. तिसऱ्या दिशी सयाजी आला मळ्यात. एकलाच. उद्या पुन्हा परडी माझ्याच डोक्यावर, बाई. म्हनलं, या खेपंला तिला संगं न्यावं."

"आणि सुनेला? ती सकाळी तुमच्याकडं बघत होती."

"सांजच्याला सांगणारच हुतो."

"देव ठेवून येतो, असंच ना?"

म्हातारा ताडकन उभा राहिला. ओट्याचा पलीकडचा, खांबाआडचा कोपरा रिकामा होता. गाठोडे नव्हते, यशोदा नव्हती.

"तीनलाच फाट्यावर गेली," गोठ्यातून सयाजीचा आवाज आला. "म्हनली, हाकलायची वाट कशापायी बघू."

६

फाट्यावर तळेगावची एस.टी. उभी होती. यशोदा खिडकीशी बसलेली. यशवंतराव उघड्या डोक्याने, धापा टाकत आले. त्यांच्या डोक्याला पागोटे नाही हे त्या गावाने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. मागून कौशल्याबाई.

"यशोदा, उतर पोरी. देव म्या नेले. माझ्या हातानं."

गाडीतली माणसे गप्प झाली. कंडक्टरने घंटीची दोरी सोडली.

यशोदेने खिडकीतून त्यांच्याकडे नीट पाहिले. तिच्या नजरेत सकाळचा भाबडेपणा राहिला नव्हता. "आत्याबाईंना सांगितलं?"

यशवंतरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी उतरून काय करू, मामंजी? उद्या आणि कशाचा आळ यील."

"मला सांगायची गरज न्हाई."

रुक्मिणीबाई होत्या. अनवाणी, पदर खोचलेला. माजघराचे दार अर्धे उघडे राहिले होते. सगळे त्यांच्या कानांवर गेले होते. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"खाली ये."

"माझ्या बापाला चोर म्हनलात."

"म्हनले."

"तीन वरसं म्हनताय."

"व्हय." रुक्मिणीबाईंनी खिडकीचा गज धरला. मग त्यांनी विचारले, "का केली गं त्यानं चोरी?"

"ओ मावशी," कंडक्टर ओरडला, "बसायचं का उतरायचं ते ठरवा! गाडी लेट होतीया माझी."

"थांब रं जरा. सून सांगतीया न्हवं माझी!"

यशोदेने सांगितले. कोठार, बाळंतीण, पायलीभर जवारी, साहेबापुढे आपणहून जाणे. मागच्या बाकावरचा एक शेतकरी "वा रं गडी" म्हणाला. रुक्मिणीबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. दूध नसलेल्या बाळंतिणीपाशी त्यांचा गजावरचा हात घट्ट झाला. सांगून झाल्यावर त्यांनी गाडीच्या दाराशी जाऊन दोन्ही हात वर केले.

"हळू उतर. पायरी उंच हाय."

गाडी धूळ उडवून गेली. कौशल्याबाईंनी यशोदेला मैलाच्या दगडावर बसवून पाय सैल सोडायला लावले. यशवंतराव दूर उभे होते. गावासमोर उभे राहायची लाज आणि बायकोसमोर जायची भीती, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होत्या.

"उभं काय ऱ्हायलात?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दिस मावळायच्या आत आळंदीस्नं देव आणा. सकाळी मुहूर्त हाय."

ते दोन पावले गेले, थांबले, आणि पाठमोऱ्यानेच विचारले, "किती आणू?"

रुक्मिणीबाई सुनेच्या सुजलेल्या पायांवरची धूळ पदराने झटकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हायेत तेवढे समदे."